आता बसून खा

लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूरच्या आसपास कुठल्याही गावात लग्नाला जा नाहीतर तेराव्याला जा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की ‘सोडियम’ येतंच. “आमच्या आईचं सोडियम कमी झालतं.” “रातोरात लातूरला न्यावं लागलं, एकशेवीसवर आलतं.” आधी बीपी होतं, मग शुगर आली, डेंग्यूनं ‘पेशी’ शिकवल्या, करोनानं बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायला शिकवलं. आता सोडियम. जिला स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही ती बाई सासूचं सोडियम दाखल करताना किती होतं आणि घरी आणताना किती होतं, हे न चुकता सांगते. आणि त्याच फाइलीत दुसरा कागद असतो, ‘डी’चा. तोही कमीच.

मला या दोन कागदांचं आधी हसू आलं होतं. मीठ आणि ऊन! मराठवाड्यात कमी पडायच्या गोष्टींची यादी मोठी आहे. पाणी तर इतकं कमी पडलं की २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण ऊन? आणि मीठ? एके काळी मीठ इथे अप्रूपाचं होतं, हे खरं. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता, आणि बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचं मीठ आतल्या मुलखात आणणारे लमाणांचे तांडे हीच पुष्कळ काळ इथली सोय होती. तो जमाना केव्हाच मागे पडला. आज किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त पुडा मिठाचाच. उन्हाचा तर पुडाही लागत नाही. मग हे दोन्ही म्हाताऱ्यांच्याच अंगातून नेमकं कुठं जातं?

माझं माहेर चाकूर. तिथं आता थोरली काकू, तिचा मुलगा म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी. काकूचं वय अठ्ठ्याहत्तर. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पापडाचं पीठ तिनं चाखून ‘हां’ म्हटल्याशिवाय लाटायला घेत नसत, अशी तिची एके काळची ऐट. मे महिन्यात एका लग्नासाठी गेले, तर काकू ओसरीत बाजेवर बसलेली. हाक मारली तर मान वर केली नाही. मांडीवर गोधडी होती आणि ती तिच्यावरून काहीतरी निवडत होती. चिमटीत धरायची, उचलायची, बाजूला ठेवायची. गोधडीवर काहीही नव्हतं. जवळ बसले तेव्हा तिनं माझ्या आईचं नाव घेतलं आणि विचारलं, “कवा आलीस?” माझी आई जाऊन वर्षं झाली.

तीन दिवसांपासून असंच चाललं होतं. वहिनीचं म्हणणं, ऊन लागलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, बाहेरचं असेल. त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन काकूवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. (पुढे रिपोर्ट आल्यावर मला राहून राहून तेच आठवायचं: जे अंगात हवं होतं ते आम्ही तडतडत जाळलं.) दादाला अर्धांगाची धास्ती. त्यानं आईला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितलं. हात वर झाले, तोंड वाकडं नव्हतं. तरी गाडी काढलीच. लातूर तासाभराच्या आत येतं. तिथं रक्त काढलं आणि आकडा आला ११८.

निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम १३५ ते १४५च्या दरम्यान असतं. हे माप एक लिटर रक्तद्रवात किती, असं असतं, आणि सगळी मेख या ‘लिटरमागे किती’मध्येच आहे. पंगतीला ऐन वेळी पाहुणे वाढले की वरणात दोन तांबे पाणी जातं. डाळ तेवढीच असते, वरण पातळ होतं. सोडियम उतरलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं रक्त असंच पातळ झालेलं असतं. मीठ कुठं गेलेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं. हे कळल्यावर वहिनीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सबंध चैत्र-वैशाख तिनं सासूला तासातासाला पाणी पाजलं होतं. टीव्हीवर सांगतात, शाळेतलं पोर येऊन सांगतं, आशाताई सांगतात: उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या. शेतात घाम गाळणाऱ्याला ते शंभर टक्के लागू. ओसरीत पंख्याखाली बसलेल्या, दोन घास खाणाऱ्या बाईचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

मूत्रपिंड जास्तीचं पाणी बाहेर टाकतंच की, असं आपल्याला वाटतं. टाकतं, पण रिकाम्या हातानं टाकू शकत नाही. पाण्याबरोबर काहीतरी विरघळलेलं जावं लागतं: खाल्लेलं मीठ, खाल्लेल्या डाळी-दुधाचा झालेला युरिया. ते पोटात गेलंच नाही तर पाणी अंगातच मुरतं. वयानं मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची ताकदही उतरलेली असते. पाश्चात्त्य डॉक्टरांनी एकट्या राहणाऱ्या, स्वयंपाकाचा कंटाळा करणाऱ्या त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यांमध्ये हे पाहिलं आणि त्या जेवणाला नावच पडलं, चहा-टोस्टचा आहार. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. काकूची न्याहारी म्हणजे कपभर चहा आणि बेकरीतले दोन टोस्ट. दुसरं काही नाही.

तिचं दिवसाचं ताट मी मग वहिनीकडून नीट ऐकलं. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी अर्धी भाकरी पातळ वरणात कुस्करून, तीही वरच्या पाण्यात बुडालेली. कवळी केली होती, ती टोचते म्हणून डबीत. चारला पुन्हा चहा, मूठभर मुरमुरे. रात्री मऊ खिचडीचे चार घास, तेही ‘बास, बास’ करत. येसराची आमटी तिखट लागते म्हणून बंद. शेंगदाण्याची चटणी दाढेत अडकते म्हणून बंद. दही-धपाटे पचत नाहीत म्हणून बंद. लोणचं, पापड, ठेचा हे तर कधीच बंद झालेलं, कारण बीपी. जिच्या पापडांना गल्ली वाखाणायची तिच्या ताटात पापड येऊन काही वर्षं झाली होती. एकेक गोष्ट काढताना प्रत्येक वेळी कारण योग्यच होतं, आणि कुणी तरी काळजीनंच काढलेली होती. ताटात काय उरलं ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मीठ कमी खा हा सल्ला मुळात चुकीचा आहे, असं मात्र कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते आणि आपण बहुतेक जण त्याच्या कितीतरी पुढे असतो. केवळ अळणी खाल्लं म्हणून सोडियम ११८वर येतही नाही. त्याला आणखी काही लागतं, आणि काकूच्या बाबतीत ते तिच्या गोळ्यांच्या डबीत होतं. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एक बारीकसा ‘एच’ छापलेला. तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा. लघवी वाढवणारं हे औषध थायझाइड कुळातलं. हे कूळ १९५०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं आणि त्यानं जगभर बीपीचे किती झटके टाळले असतील याची गणती नाही. स्वस्त, जुनं, गुणाचं औषध. पण ते मूत्रपिंडाच्या नेमक्या त्या भागावर काम करतं जिथं लघवी पातळ होते, आणि म्हणून म्हाताऱ्या, किडकिडीत, कमी खाणाऱ्या बायांमध्ये ते सोडियम पाडतं. झोपेच्या, उदासीच्या म्हणून दिलेल्या काही गोळ्याही हेच करतात. घरात ‘बीपीची गोळी’ एवढंच माहीत असतं. त्या एका गोळीत दोन औषधं असतात, हे कुणाच्या गावी नसतं. गोळी बदलायला पाच मिनिटं लागली.

आकडा वर चढवायला मात्र दिवस लागले, आणि त्या दिवसांत दादाचा जीव टांगणीला. तीन टक्क्यांचं मिठाचं सलाईन मशिनीतून थेंबाथेंबानं सोडत होते. दर चार-सहा तासांनी रक्त. दादानं दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, “डॉक्टरसाहेब, एकदाच भरून टाका की. पैशाचं बघू नका.” तरुण डॉक्टर होता, लातूर पॅटर्नमधूनच घडलेला असणार. तो वैतागला नाही. म्हणाला, “काका, मेंदू एवढे दिवस या पातळ रक्ताशी जमवून बसलाय. चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढवलं तर मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण जळतं. मग सोडियम नीट आणि माणूस लुळा.” आणि वर पाण्यावर बंदी. मे महिन्याच्या लातुरात म्हातारीला पाणी नाही म्हणायचं, हे वहिनीला झेपेना. ती पदराआड फुलपात्र नेताना नर्सनं पकडली. मिठाचं सलाईन चालू आणि पाणी बंद, हे दोन्ही एकाच पलंगावर पाहिल्यावर मला त्या आजाराचं गणित पुस्तकापेक्षा बरं कळलं. आणि म्हणूनच ‘सोडियम कमी आहे ना, चमचाभर मीठ चाटवा’ हा जो उपाय आता घरोघर चालतो, त्याची भीती वाटते. कारण नेमकं कोणतं, हे पाहिल्याशिवाय मीठ वाढवायचं की पाणी कमी करायचं हे डॉक्टरलाही ठरवता येत नाही. हृदय नाहीतर मूत्रपिंड थकलेलं असेल तर तो चमचा महागात पडतो. मोबाइलवर फिरणारं ‘सैंधव खा, ते वेगळं असतं’ हेही तसलंच. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा, भाव वेगळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूनं वहिनीला विचारलं, “पापडाचं पीठ तसंच पडलं का गं?” पीठ वगैरे कुठं काही नव्हतं, पण प्रश्न तिचा होता. सोडियम १२७.

याचं दुसरं टोक आहे, ते दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ११८ला माणूस बरळतो, झटके येतात, लोक धावपळ करतात. पण १२५-१३०च्या आसपास वर्षानुवर्षं रेंगाळणारी माणसं घराघरांत असतात. ती गप्प असतात, पाय घसटत चालतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २००६ साली अशाच १२२ रुग्णांचा अभ्यास छापला. वरवर काही त्रास नसलेली ही माणसं. पण त्यांतली २१ टक्के पडल्यामुळे इस्पितळात आली होती, आणि सोडियम नीट असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के. चालताना त्यांचा तोल आणि लक्ष, दोन्ही थोडी दारू घेतलेल्या माणसासारखी डळमळीत निघाली. काकू आदल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडली होती. मनगट मोडलं. तेव्हा फरशीला दोष दिला होता.

मोडलेल्या त्या मनगटामुळेच डॉक्टरांनी दुसरी तपासणी लावली. ‘डी’ आलं ८. वीसच्या खाली कमी म्हणतात.

दादाला सोडियमचं पटलं होतं, हे पटेना. “सायेब, आम्ही उन्हातली माणसं,” असं तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूनं बोलायचं तर भूगोल पूर्ण त्याच्या बाजूचा आहे. चाकूर विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या भाईबंदाला ‘डी’त बदलणारे जे अतिनील किरण आहेत ते वातावरणातून नीट खाली यायला सूर्य उंच लागतो. साधा आडाखा असा की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली तर ते किरण पुरेसे येतात, लांब असली तर फारसे नाहीत. लंडनमध्ये डिसेंबरच्या भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून जास्त लांब असते. तिथं सगळा हिवाळा उन्हात बसूनही काही होत नाही. चाकूरला मात्र वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही दुपारी साधारण सव्वाअकरा ते दीड एवढा वेळ सावली आखूडच असते. मे महिन्यात तर सकाळी नऊ-सव्वानऊलाच.

यात एक गंमत आहे, ती आपल्या सगळ्यांच्या लाडक्या कोवळ्या उन्हाची. बाळाला कोवळं ऊन, बाळंतिणीला कोवळं ऊन, म्हाताऱ्याला कोवळं ऊन. सकाळी सातला अंगणात खुर्ची टाकून बसणारे किती आजोबा ‘व्हिटॅमिन घेतोय’ म्हणतात! सातच्या त्या उन्हात ऊब आहे, प्रसन्नता आहे, ‘डी’ जवळजवळ नाही. ‘डी’ देणारं ऊन पडायला लागतं तेव्हा घरातले म्हणतात, “आत या, ऊन झालं.” खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचंही तेच, काच ते किरण अडवते. आणि वय झालेली त्वचा मुळात आळशी. हॉलिक आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९८५ साली अमेरिकेत दाखवलं की ऐंशीच्या आसपासची त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी बनवते. सावळ्या कातडीला आणखी वेळ लागतो. त्यात नऊवारी, डोक्यावरून पदर, उघडे काय ते दोन हात आणि चेहरा. जेवणातून येईल म्हणावं तर घर माळकरी. अंड्याचा पिवळा बलक नाही, मासळी नाही.

पण काकू तर जन्मभर नऊवारीतच होती आणि जन्मभर माळकरीच. मग तिची चाळिशी-पन्नाशी काय खाऊन गेली? त्याचं उत्तर आमच्या जुन्या घराच्या माळवदावर होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडाची किलचण, तिच्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. आत भर दुपारी दिवा लावावा इतका अंधार आणि वर लख्ख. फाल्गुन लागला की काकू जी वर जायची ती मृगापर्यंत. कुरडया, शेवया, सांडगे, खारोड्या, तूर, हळद, मिरची. पातळावर कुरडया घालायच्या त्या उन्हं चढायच्या आत, आणि मग दहा-अकरापासून कावळे हाकत, उलथवत, डोक्यावर पदर ओढून बसायचं. बाह्या कोपराच्या वर. कुणी तिला ‘डी’साठी बसवलं नव्हतं. वाळवण होतं म्हणून ती होती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची असलीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर जिल्हाभर माणसं आपल्याच छपराकडे संशयानं बघायला लागली. पत्रे आले, मग स्लॅब. आमचंही माळवद उतरवलं. चांगलं झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण माळवदावर जायचा जिना आतून, रुंद, दोन्ही बाजूंना भिंत असलेला होता. स्लॅबवर जायचा जिना बाहेरून, अरुंद, आणि त्याला कठडा पुढच्या वर्षी करू म्हणून आजतागायत नाही. काकूचे गुडघे गेले तेव्हापासून ती वर गेली नाही. वाळवणही मग हळूहळू थांबलं. कुरडया आता अहमदपूरच्या बचतगटाकडून येतात.

हे सगळं नवीन नाही, आणि हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिक भागात हचिसन आणि शाह या दोघांनी मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याच्या आजाराची पाहणी केली होती. १९२२ साली ती इंग्लंडच्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. त्या काळी भांडण असं होतं की हा आजार निकृष्ट खाण्यामुळे होतो की उजेड न मिळाल्यामुळे. नाशकात त्यांना उलटंच चित्र दिसलं. ज्यांच्या घरी दूध-तूप होतं त्या वरच्या थरातल्या, पडद्यात राहणाऱ्या हिंदू-मुसलमान कुटुंबांत हा आजार होता. आणि ज्यांच्या ताटात धड काही नव्हतं, पण बाया-पोरं दिवसभर रानात असायची, त्यांच्यात तो क्वचितच. घरातल्या बाईला ऊन लागू न देणं ही प्रतिष्ठा होती. ती प्रतिष्ठा हाडांतून वसूल व्हायची.

पडदा गेला. पण आपल्याकडे म्हातारपणाचा एक वेगळा पडदा आहे आणि तो इतक्या मायेनं टाकलेला असतो की दिसतच नाही. “लई कष्ट केलं, आता बसून खा.” मराठवाड्यात याहून मोठा मान नाही. लेक नोकरीला लागला, सून आली, की म्हातारीच्या हातातून विळी काढून घ्यायची, मग शेत, मग जिना, मग अंगण. एकेक करून. लोक बघतील, म्हातारीला राबवतात म्हणतील, हीसुद्धा भीती असतेच. त्यातलं ‘बस’ ती निमूट ऐकते. ‘खा’ राहून जातं, कारण बसलेल्या माणसाला भूक लागत नाही. रक्तातले ते दोन आकडे मला या बसण्याचा हिशेब वाटतात. एकात ताट किती आक्रसलं ते दिसतं, दुसऱ्यात अंगण. पुरुषांचं थोडं बरं. ते बसतात ते स्टँडवरच्या हॉटेलात, पारावर, मोंढ्यात. चालत जातात, भजी खातात, गप्पा मारतात. घरातल्या बाईला निवृत्ती मिळते ती मात्र थेट बाजेवर.

चाकूरलाच सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्या रस्त्यानं जाताना मला दिल्लीच्या एम्सचा २०००चा एक अभ्यास आठवतो. निरोगी दिल्लीकरांचं ‘डी’ तपासलं तर डॉक्टर आणि परिचारिकांचं भलतंच कमी निघालं, आणि त्यांच्यापेक्षा बरं कुणाचं, तर उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांचं. औषध लिहिणाराच आत बसलेला.

आता ‘डी’ म्हटलं की साठ हजारांची पुडी. साठ हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम, चिमटीतही येणार नाही एवढं. आठवड्याला एक, दुधातून, असे आठ आठवडे. काकूलाही दिली आणि तिला गरज होती. पण तिच्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरच्या आजी ती पुडी ‘ताकद येते’ म्हणून रोज घेत होत्या, मेडिकलवरून आणून. मीठ जसं लघवीवाटे जातं तसं हे जात नाही, चरबीत साठतं, आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढून मळमळ, बद्धकोष्ठ, पुन्हा तीच गुंगी. ऑस्ट्रेलियात वयस्क बायांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले होते. २०१०मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्याच जास्त पडल्या होत्या, त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४मध्ये सांगितलं, ऊठसूट तपासण्या करू नका; पंच्याहत्तरीच्या पुढे रोज थोडं द्यायला हरकत नाही. थोडं आणि रोज. आपल्याला मात्र एकदाच आणि भरपूर आवडतं, दादाच्या सलाईनसारखं.

घरी आल्यावर ताट बदललं. हे सांगायला सोपं, घडायला कठीण होतं. कवळी घासून घेतली. चहाबरोबर टोस्टऐवजी मऊ धपाट्याचा तुकडा दह्यात. वरणाचं पाणी नव्हे, खालची डाळ. आठवड्यातून दोनदा येसर, तिखट बेताचं. बीपी वहीत लिहायचं. पाणी तहानेपुरतं. पापडावर वाद झाला आणि तो काकूनं जिंकला: रोज नाही, पण पापड ताटात येणार.

मार्गशीर्षात येळवस आली. लातूरच्या बाहेरच्यांना ही वेळ अमावस्या सांगून कळत नाही. सगळं गाव त्या दिवशी ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातली आंबील: ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ. काकू चार-पाच वर्षं गेली नव्हती. “धक्के बसतेत, ऊन लागतं, घरीच डबा आणू” असं व्हायचं. औंदा ती सकाळपासून लुगडं नेसून दारात. दादानं गाडी बांधापर्यंत नेली. कोपीबाहेर तुरीच्या कडेला खुर्ची टाकली. बाराच्या सुमाराला वहिनी छत्री घेऊन आली तर काकू म्हणाली, “ती मिटव आधी. मला काय पावसात भिजायचंय?” तासभर बसली. खुर्चीची सावली खुर्चीहून आखूड होती, ते मी मुद्दाम पाहिलं. भज्जीबरोबर तिनं दीड भाकरी खाल्ली. दीड भाकरी खाताना तिला मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आंबील तोंडाला लावली आणि वहिनीला विचारलं, “मीठ कुणी टाकलं?” वहिनी घाबरून म्हणाली, “आत्याबाई, मी. जास्त झालं का?” “टाकलंच नाहीस,” काकू म्हणाली.

पुढच्या तपासणीत सोडियम १३४. डॉक्टर ठीक म्हणाले, फार काही म्हणाले नाहीत. ‘डी’ पुन्हा तपासायची गरज नाही म्हणाले, त्याचा दादाला अजून राग आहे. आकडा कळायला पाहिजे होता. आता फाल्गुन लागलाय. काकूनं गहू भिजवलाय कुरडयांसाठी, पायलीभर, कुणालाही न विचारता. जिन्याला कठडा झाल्याशिवाय आईनं वर पाऊल ठेवायचं नाही, असं दादानं बजावलंय. गवंडी लग्नसराईत अडकलाय, अमावस्येनंतर येतो म्हणतो. आणि काकूचं म्हणणं एवढंच, की भिजलेला गहू तीन दिवसांच्या वर थांबत नसतो, कठडा थांबतो.